इन्सुलिन देताय तर ते घ्यायचं कसं तेही दाखवा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा लागला की आपल्या पेपरात उष्माघाताची चौकट येते, दुपारचं बाहेर पडू नका, डोक्याला रुमाल बांधा, ताक प्या, लिंबूपाणी प्या, आणि लोकं ती वाचतात पण. पण त्या चौकटीत शुगरच्या पेशंटसाठी एक ओळ नसते आणि जे इन्सुलिनच्या सुईवर आहेत त्यांच्याबद्दल तर कुठंच काही छापून येत नाही, म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. माझं केज तालुक्यात मेडिकल आहे. आधी इन्सुलिन म्हणलं की अंबाजोगाई नाहीतर बीड गाठावं लागायचं, आता बाजाराच्या गावातल्या दुकानात पण त्याच्यासाठी वेगळा फ्रिज ठेवावा लागतो, इतके पेशंट झालेत. औषध गावापर्यंत आलं हे चांगलंच झालं, पण ते घ्यायचं कसं हे शिकवणारं माणूस त्याच्यासोबत आलं नाही आणि माझं सगळं म्हणणं एवढ्याच गोष्टीबद्दल आहे. शहरातल्या ओपीडीत चिठ्ठी लिहून मिळते, "सकाळी २० संध्याकाळी १० घ्या" एवढं सांगितलं की पुढचा नंबर. मग ते सगळं येऊन पडतं मेडिकलच्या काउंटरवर, आणि काउंटरवर पण गर्दी असली की कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही.

सगळ्यात आधी ४० आणि १०० चा घोळ, कारण जिवावर बेततं ते इथंच. इन्सुलिन आपल्याकडं दोन ताकदीत मिळतं. १० मिलीची जी काचेची बाटली असते ती बहुतेक ४० ची, म्हणजे १ मिलीत ४० युनिट, पूर्ण बाटलीत ४००. इन्सुलिन टोचायचं लिहायच्या पेनासारखं एक यंत्र येतं, त्या पेनात जी ३ मिलीची बारीक नळी बसते, कार्ट्रिज म्हणतात तिला, ती १०० ची, म्हणजे १ मिलीत १०० युनिट. काही नवीन इन्सुलिनच्या तर बाटल्या पण १०० च्याच येतात आणि लांबून बघितलं तर फरक कळत नाही. सिरिंजा पण दोन प्रकारच्या, लाल टोपणाची ४० साठी आणि केशरी टोपणाची १०० साठी. आता हिशोब बघा साहेब. डॉक्टरनी २० युनिट लिहिले, माणसानं १०० च्या नळीत लाल टोपणाची सिरिंज घातली आणि २० च्या रेघेपर्यंत ओढलं, तर आत आलं अर्धा मिली, म्हणजे ५० युनिट. अडीच पट डोस गेला आणि घेणाऱ्याच्या मते त्यानं डॉक्टरनी सांगितलं तेवढंच घेतलं.

असं होत नसेल असं वाटत असेल तर आमच्याकडं येणाऱ्या एका शेतकऱ्याचं सांगतो. पोरगं पुण्याला कंपनीत, त्यानं वडलांना तिकडच्या डॉक्टरकडं दाखवलं, पेन सुरू झालं. गावी येताना पेन पुण्यात राहिलं आणि पिशवीत नुसत्या नळ्या आल्या. गावातल्या एका दवाखान्यातल्या कंपाउंडरनी मदत म्हणूनच त्या नळीतून लाल सिरिंजनं औषध ओढून दिलं. चहा-पोळी खाऊन माणूस शेतात गेला आणि दहाच्या सुमारास बांधावर बसला तो आडवाच झाला, घामानं शर्ट ओला, बोलणं अडखळतंय. लोकं म्हणाली ऊन लागलं. सावलीत नेलं, कांदा हुंगवला, ओलं फडकं टाकलं, बराच वेळ गेला. नशीब की शेजारच्या मळ्यातल्या गुरुजींच्या घरी शुगर तपासायचं मशीन होतं, त्यांनी बोटाला टोचून बघितलं तर शुगर तिशीच्या घरात. मग १०८ बोलावली, सलाईनमधून ग्लुकोज गेलं आणि माणूस वाचला. पण त्या घरात अजून पण काही जण "ऊनच लागलं होतं" असंच म्हणतात.

ह्याच्या उलटं झालं तर ते लवकर लक्षात येत नाही. ४० ची बाटली आणि केशरी सिरिंज, २० च्या रेघेपर्यंत ओढलं तर अंगात जातात फक्त ८ युनिट. शुगर काही केल्या उतरत नाही, पेशंट म्हणतो सुई घेऊन पण फरक नाही, डॉक्टर डोस वाढवतो, पुढच्या वेळी अजून वाढवतो, आणि मग एखाद्या दिवशी दुसऱ्या दुकानातून बरोबर लाल सिरिंज येते तेव्हा तो वाढवत वाढवत नेलेला डोस पहिल्यांदाच पूर्ण अंगात जातो. कुणाची शुगर खूप दिवस हटत नसेल तर डोस वाढवायच्या आधी एकदा त्याला म्हणावं, बाबा तुझी बाटली आणि सिरिंज घेऊन ये आणि माझ्यासमोर भरून दाखव. आमच्याकडं बरीच म्हातारी माणसं आकडा वाचत नाहीत, रेघा मोजतात, आणि १ मिलीच्या लाल सिरिंजवर एक बारीक रेघ १ युनिटची असते तर केशरीवर बहुतेक २ युनिटची, त्यामुळं सिरिंज बदलली की रेघांचा हिशोबच बदलतो. अजून एक, डॉक्टर लोकांना हात जोडून सांगणं आहे की चिठ्ठीवर आकड्यापुढं नुसता इंग्रजी यू काढू नका. घाईत काढलेला यू शून्यासारखा दिसतो आणि १० चे १०० वाचले जातात. युनिट हा शब्द पूर्ण लिहायला दोन सेकंद लागतात.

आता उन्हाचं. न फोडलेलं इन्सुलिन फ्रिजात २ ते ८ डिग्रीत ठेवायचं, आणि वापरात असलेली बाटली बाहेर ठेवली तरी चालते, पण २५, फार तर ३० डिग्रीच्या आत आणि साधारण चार आठवडे, कंपनीच्या कागदावर जे लिहिलं असेल ते धरायचं. आपल्याकडं एप्रिल-मे मधी परभणी-नांदेडच्या बाजूला पारा ४३-४४ ला जातो, पत्र्याच्या खोलीत तर दुपारी भट्टी असते, मग "साधी खोली" म्हणजे नेमकी कुठली? वरून लाईट कधी जाईल आणि कधी येईल ह्याचा भरवसा नाही. आणि उन्हात खराब झालेलं इन्सुलिन दर वेळी दिसून येतंच असं नाही. गुठळ्या झाल्या, कडेला दाणे चिकटले, पाण्यासारखं असणारं गढूळ झालं तर फेकायचंच, पण कितीदा तरी ते जसंच्या तसं दिसतं आणि त्यातला दम गेलेला असतो. मोटरसायकलच्या डिकीत, एसटीच्या खिडकीजवळच्या बॅगेत, ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समधी ठेवलेलं औषध मी लोकांना परत आणताना बघितलंय, "घेतोय पण लागू पडंना" म्हणत.

म्हणून लोकं दुसरं टोक गाठतात, सरळ बर्फाच्या कप्प्यात टाकतात. तसलं इन्सुलिन एकदा गोठलं की ते वितळल्यावर पण वापरायचं नाही, संपलं ते. फ्रिजात ठेवायचं तर मधल्या कप्प्यात किंवा दारात, वरच्या बर्फाच्या कप्प्याला लागून नाही, आणि गावाहून न्यायचं असलं तर बर्फाला थेट चिकटून न ठेवता मधी जाडसर कापड घालून. ज्यांच्याकडं फ्रिज नाही किंवा लाईट टिकत नाही त्यांच्यासाठी माठाची सोय उत्तम आहे आणि मी ती सगळ्यांना सांगतो. एका मोठ्या मडक्यात दुसरं लहान मडकं ठेवायचं, दोन्हीच्या मधी वाळू भरायची, वाळू सकाळ-संध्याकाळ ओली करायची, बाटली घट्ट झाकणाच्या डबीत घालून आतल्या मडक्यात ठेवायची आणि वरून ओलं फडकं, सगळं सावलीत आणि वारा लागेल तिथं. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात ते बाहेरच्यापेक्षा बरंच गार राहतं. फ्रिजइतकं नाही होत, म्हणून फोडलेली बाटलीच त्यात ठेवावी आणि जास्तीचा साठा करू नये. पावसाळ्यात हवा दमट असली की माठ तेवढा गार होत नाही, पण तेव्हा ऊन पण तेवढं नसतं.

सगळ्यात वाईट हाल आमच्या ऊसतोडीला जाणाऱ्यांचे आहेत. दसरा-दिवाळी झाली की आमच्या बीड जिल्ह्यातून गाड्या भरून माणसं सांगली, कोल्हापूर, पार कर्नाटकापर्यंत जातात आणि चार-पाच महिने कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत राहतात. कोपीत लाईट नाही तर फ्रिज कुठून असणार. पहाटं चारलाच फडात जायचं, मग सुई कधी घ्यायची आणि जेवायचं कधी? ३०-७० चं जे मिक्स इन्सुलिन बहुतेकांना चालू असतं ते घेतल्यावर अर्ध्या तासात पोटात जेवण पडलंच पाहिजे. इथं बाई पहाटं सुई घेती, भाकरी बांधून घेती आणि नऊ वाजता खाती, मधी चार-पाच तास कोयता चालवून मोळ्या उचलती. एवढ्या कष्टात शुगर तशीच खाली येती, त्यात पोट रिकामं. मुकादमाला सांगायची सोय नसती कारण उचल घेतलेली असती आणि आजारी माणूस कुणाला नको असतं. माझं सरळ म्हणणं आहे, जायच्या आधी ह्या लोकांनी डॉक्टरला स्पष्ट सांगावं की आम्ही तोडीला चाललो, कामाची वेळ ही, जेवणाची ही, त्या हिशोबानं डोस आणि वेळ बसवून द्या. आणि डॉक्टरांनी पण विचारावं, आमच्या भागात पेशंटला "काम काय करता" हे विचारल्याशिवाय इन्सुलिनचा डोस लिहूच नये.

शुगर कमी झाल्याची लक्षणं घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ पाहिजेत. दरदरून घाम, हातापायाला थरथर, छातीत धडधड, एकदम भूक, चिडचिड, मग बोलणं बरळल्यासारखं, डोळ्यापुढं अंधारी. मशीनवर ७० च्या खाली म्हणजे कमी. फडात, जत्रेत, लग्नात हे झालं की ऊन लागलं म्हणतात, पिऊन आला म्हणतात, बाईमाणूस असलं तर अंगात आलं म्हणतात आणि देवऋष्याला बोलावतात. मशीन नसलं तरी वाट बघू नका, माणूस इन्सुलिनवर आहे आणि असं वागतोय तर शुगर कमी समजूनच चाला. शुद्धीवर असला आणि गिळता येत असलं तर तीन चमचे साखर पाण्यात कालवून पाजा, पंधरा मिनिटं थांबा, फरक नाही पडला तर परत तेवढीच, आणि बरं वाटलं की पोळी-भाकरी काहीतरी खाऊ घाला, नुसत्या साखरेवर सोडून देऊ नका. बेशुद्ध असला तर तोंडात साखर, पाणी, दूध काही म्हणजे काही ओतू नका, श्वासनळीत जातं. कुशीवर झोपवा आणि १०८ ला फोन करा. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्या अशा असतात की त्यांच्यामुळं थरथर आणि धडधड कळतच नाही, त्या लोकांनी जास्त सांभाळायचं. दारूनं पण शुगर खाली जाते, उपाशी पोटी घेतली तर लईच, आणि पहाटं झोपेत जाते तेव्हा कुणाच्या लक्षात पण येत नाही. खिशात साखरेची पुडी ठेवा, बिनसाखरेच्या गोळ्या-बिस्किटांनी काही होत नाही.

उपवासाचं पण बोललं पाहिजे. नवरात्रात आमच्याकडून माणसं अनवाणी तुळजापूरला चालत जातात, एकादशी आहे, श्रावण आहे, मुसलमान बांधवांचे रोजे आहेत, आणि श्रद्धेच्या गोष्टीत दुकानदारानं बोलू नये हे मला मान्य आहे. मी उपवास सोडा म्हणत नाही, फक्त नेहमीचा डोस घेऊन उपाशी राहू नका आणि मनानं डोस बंद पण करू नका, चार-आठ दिवस आधी डॉक्टरला विचारा, ते वेळ आणि युनिट बदलून देतात. आणि शुगर खाली गेली तर उपवास त्याच मिनिटाला सोडायचा, देवी रागावत नाही.

सुई टोचण्याबद्दल, जे कुणी दाखवतच नाही. बेंबीपासून दोन बोटं सोडून पोटावर, नाहीतर मांडीच्या बाहेरच्या बाजूला, आणि रोज जागा बदलायची, आधीच्या टोचेपासून एक बोट लांब. एकाच जागी टोचत राहिलं की तिथं चरबीची गाठ होते, तिथं दुखत नाही म्हणून माणूस तिथंच टोचत राहतो आणि त्या गाठीतून औषध कधी कमी लागतं कधी जास्त. गाठ सापडली तर ती जागा सोडा, पण नव्या जागी तोच डोस जोरात लागू शकतो, म्हणून आधी डॉक्टरला दाखवा. पांढरट इन्सुलिन असेल तर बाटली हलवून फेस काढायचा नाही, दोन तळहातात दहा वेळा फिरवायची आणि दहा वेळा वर-खाली करायची. पेन वापरणाऱ्यांनी आधी २ युनिट हवेत सोडून सुईतून थेंब येतो का बघायचं, आणि टोचल्यावर बटन दाबून दहापर्यंत मोजूनच सुई काढायची. नवरा-बायको दोघांना शुगर असली की एकच पेन दोघं वापरतात, "सुई बदलतो की" म्हणतात. सुई बदलून भागत नाही हो, नळीत मागं रक्त जाऊ शकतं, पेन ज्याचं त्यालाच. आणि वापरलेल्या सुया घंटागाडीत मोकळ्या टाकू नका, कचरा वेचणाऱ्या बाईच्या हातात घुसतात. जाड प्लास्टिकचा डबा करा, भरला की झाकण चिकटवून दवाखान्यात द्या.

लेकरांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. लहानपणी जी शुगर होते, टाईप वन म्हणतात तिला, त्यात अंगात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही, तिथं गोळी, काढा, पथ्य कशानंच भागत नाही. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोत एका चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन दिलं, त्याच्या आधी अशी लेकरं जगतच नव्हती. आणि आज आपल्याकडं आई-बाप कुणाचं तरी ऐकून लेकराची सुई बंद करून पावडर चालू करतात, "एकदा सुई लागली की सुटत नाही" म्हणत. सुटायला ती सवय थोडीच आहे, जे अंगात बनत नाही ते बाहेरून द्यायला लागतं. ताप आला, उलट्या होतायत, लेकरू जेवत नाही म्हणून सुई चुकवली की दोन दिवसात पोटदुखी, खोल जोरजोरात श्वास, तोंडाला पिकल्या फळासारखा वास, आणि मग धावपळ. आजारपणात इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नसतं, डॉक्टरला फोन करून डोस विचारायचा. मुलींच्या बाबतीत तर लोकं लग्न जमणार नाही म्हणून सुई लपवतात आणि पाहुण्यात गेल्यावर ती दिवसभर चुकवतात, ह्याचा मला फार राग येतो.

सरकारकडं माझी मागणी मोठी नाही. ग्रामीण रुग्णालयात शुगर-बीपीची ओपीडी चालते, आशाताई तीस वर्षांवरच्या लोकांचे फॉर्म भरतात, उपकेंद्रात आरोग्य अधिकारी बसतात. तिथंच ज्याला इन्सुलिन सुरू झालं त्याला पहिल्या दिवशी समोर बसवून एकदा भरायला आणि टोचायला लावा, घरातल्या अजून एकाला सोबत बोलवा, आणि महिन्यानं परत भरून दाखवायला सांगा. चिठ्ठीवर युनिटसोबत ४० का १०० आणि टोपण लाल का केशरी हे लिहिणं सक्तीचं करा. आणि खरं म्हणजे दोन ताकदी ठेवायच्याच कशाला, बऱ्याच देशात ४० चं इन्सुलिन माणसांसाठी केव्हाच बंद करून सगळीकडं १०० केलंय, आपल्याकडं पण तो विचार व्हावा, पण तो एका रात्रीत नको, आधी शिकवून मग. आम्हा मेडिकलवाल्यांना पण सांगणं आहे, नुसती सिरिंज मागायला कुणी आलं तर बाटली बघितल्याशिवाय देऊ नका, बाटली घरी असेल तर फोटो मागवा, आता सगळ्यांकडं मोबाईल आहे.

तुम्हाला एवढीच विनंती, ह्या उन्हाळ्यात उष्माघाताची चौकट छापाल तेव्हा तिच्याखाली चार ओळींची जागा काढा. ४० ला लाल, १०० ला केशरी. इन्सुलिनवाल्या माणसाला उन्हात चक्कर आली, घाम फुटला तर आधी शुगर बघा, मशीन नसलं तर साखर-पाणी द्या. बेशुद्ध असला तर तोंडात काही नाही, १०८. औषध डिकीत नाही, बर्फात नाही. जमलं तर मोठ्या अक्षरात छापा, चष्मा नसलेली माणसं पण वाचतात आणि मला ते कात्रण दुकानात काउंटरच्या काचेखाली लावायचंय.

आपला,
एक औषध दुकानदार
ता. केज, जि. बीड